टू किल अ मॉकिंगबर्ड: अ‍ॅटिकसने मुलांना जे सांगितलंच नाही

पानगळ

हार्पर लीच्या या कादंबरीवर बोलायला बसलं की सगळे थेट कोर्टात जाऊन पोचतात. टॉम रॉबिन्सनचा खटला, अ‍ॅटिकसचं शेवटचं भाषण, सज्जातले कृष्णवर्णीय लोक तो बाहेर पडताना उठून उभे राहतात तो प्रसंग. १९६२च्या चित्रपटाने तर हे आणखी पक्कं केलं. ग्रेगरी पेकला त्यासाठी ऑस्कर मिळालं आणि तेव्हापासून अ‍ॅटिकस म्हटलं की डोळ्यांसमोर तोच. मला मात्र बोलायचंय ते खटला सुरू होण्याआधीच्या एका छोट्या प्रसंगावर.

ज्यांनी वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९३०च्या दशकातलं अलाबामा, मेकॉम नावाचं काल्पनिक गाव. अ‍ॅटिकस फिंच पन्नाशीला आलेला वकील, बायको वारलेली. मुलं दोन: जेम आणि त्याच्याहून चार वर्षांनी लहान स्काउट. स्काउट मोठी झाल्यावर ही गोष्ट सांगते आहे. मेयेला युएल या गोऱ्या मुलीवर बलात्कार केल्याचा आरोप टॉम रॉबिन्सन या कृष्णवर्णीय मजुरावर आहे आणि त्याचा बचाव अ‍ॅटिकसकडे आला आहे.

आता तो प्रसंग. खटल्याच्या दिवशी कोर्टाच्या आवारात रिकामटेकड्या म्हाताऱ्यांचं टोळकं गप्पा मारत असतं आणि स्काउटच्या कानावर पडतं की अ‍ॅटिकसची नेमणूक न्यायाधीशांनीच केली आहे, त्याने खटला मागून घेतलेला नाही. त्यावर दुसरा म्हातारा म्हणतो, नेमणूक झाली हे खरं, पण हा माणूस खरोखरच त्याचा बचाव करायला निघालाय, तेच मला आवडत नाही.

स्काउटला धक्का बसतो तो नेमणुकीच्या बातमीचा. महिनोन्‌महिने ती शाळेत पोरांचे टोमणे ऐकत आली आहे, मारामाऱ्या करत आली आहे. ‘वडिलांना नेमलंय, त्यांना करावंच लागतंय’ एवढं एक वाक्य तिच्या हाती असतं तर कितीतरी भांडणं वाचली असती. मग त्याने हे घरी कधीच का सांगितलं नाही?

माझ्या मते कादंबरीतलं पालकत्व या न सांगण्यात आहे. तिने ‘तू हा खटला का लढतोस’ असं विचारलं तेव्हा त्याने दिलेली कारणं वेगळीच होती. हे केलं नाही तर मला गावात मान वर करून चालता येणार नाही, विधिमंडळात या भागाचा प्रतिनिधी म्हणून बसता येणार नाही, आणि तुला किंवा जेमला ‘हे करू नकोस’ असं सांगण्याचा हक्कही राहणार नाही. म्हणजे कर्तव्याची आयती ढाल हाताशी होती आणि त्याने ती मुलांसमोर वापरली नाही. सदसद्विवेकाचं कारण दिलं, जे पोरांना शाळेच्या मैदानावर काडीइतकंही उपयोगी नव्हतं.

बरं, भावाशी, म्हणजे जॅककाकाशी बोलताना तोच अ‍ॅटिकस कबूल करतो की असला खटला आयुष्यात वाट्याला येऊ नये अशी माझी इच्छा होती, पण न्यायाधीश टेलरने माझ्याकडेच बोट दाखवलं. भावाला एक आणि मुलांना दुसरं. खोटं दोन्ही नाही. पण कुठलं खरं मुलांसमोर ठेवायचं ते त्याने निवडलं.

हे बरोबर की चूक? आठ-नऊ वर्षांच्या पोरीच्या खांद्यावर एवढं ओझं टाकावं का? तुम्हाला काय वाटतं?

---

काळाकोट

छान विषय. त्या म्हाताऱ्याचं वाक्य माझ्या धंद्यातला माणूस वेगळ्या कानाने ऐकतो.

‘नेमलेला वकील’ म्हणजे त्या काळच्या अलाबामात काय प्रकार होता, ते स्कॉट्सबरो खटल्यात दिसतं. २५ मार्च १९३१ला नऊ कृष्णवर्णीय मुलांना मालगाडीतून उतरवून अटक केली, आरोप दोन गोऱ्या मुलींवरच्या बलात्काराचा. दोन आठवड्यांच्या आत खटले उभे राहिले. न्यायाधीशांनी गावातल्या झाडून सगळ्या वकिलांना मिळून ‘नेमलं’ होतं, म्हणजे प्रत्यक्षात कुणालाच नाही. खटल्याच्या सकाळी जे दोघे उभे राहिले त्यांना आरोपींशी धड बोलायलाही वेळ मिळाला नाही. नऊपैकी आठ जणांना मृत्युदंड. १९३२मध्ये ‘पॉवेल विरुद्ध अलाबामा’ या निकालात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या शिक्षा रद्द केल्या, कारण त्यांना खऱ्या अर्थाने वकील मिळालाच नव्हता.

तेव्हा त्या म्हाताऱ्याची तक्रार अगदी नेमकी आहे. नेमणूक म्हणजे कागद पुरा करायचा, वेळ मारून न्यायची, हा गावाचा अलिखित करार. अ‍ॅटिकसने तो मोडला. टॉमचा डावा हात लहानपणी कापसाच्या यंत्रात सापडून कायमचा निकामी झालेला, मेयेलाच्या चेहऱ्याची उजवी बाजू सुजलेली, आणि तिचा बाप बॉब युएल कोर्टात सगळ्यांसमोर डाव्या हाताने सही करतो. हे सगळं बाहेर काढायला नुसती नेमणूक पुरत नाही, रात्री जागवाव्या लागतात.

म्हणून तुमची मांडणी मी थोडी बदलेन. त्याने कर्तव्य बाजूला ठेवून सदसद्विवेक धरला असं नाही. बाकीच्यांनी जे कर्तव्य पोकळ करून टाकलं होतं ते त्याने भरीव केलं, इतकंच.

---

चिकट्या

आता थोडा मिठाचा खडा टाकतो.

आदर्श बाप आदर्श बाप म्हणून किती नाचायचं? जरा हजेरी घेऊ. खटल्याच्या दिवशी दुपारपासून मुलं कुठे आहेत याचा साहेबांना पत्ता नाही. संध्याकाळी घरी कामाला असलेली कृष्णवर्णीय बाई कॅलपर्निया मुलांच्या आत्याने दिलेली चिठ्ठी घेऊन कोर्टात येते तेव्हा कळतं की पोरं वर सज्जात बसून बलात्काराचा खटला ऐकताहेत. त्याआधीच्या रात्री तुरुंगाच्या दारात टॉमला मारायला जमाव आलेला असताना जेमला घरी जा म्हटलं तर तो जात नाही, आणि बाप काही करू शकत नाही. बॉब युएल तोंडावर थुंकतो, धमकी देतो, तरी याचं मत असं की आता त्याच्या पोटातली आग शांत झाली असेल. पुढे युएल न्यायाधीशाच्या घराभोवती घुटमळतो, टॉमच्या बायकोचा पाठलाग करतो, तरीही मत तेच. शेवटी शाळेच्या कार्यक्रमाला बाप थकलाय म्हणून येत नाही, मुलं अंधारातून एकटी परततात, आणि जेमचा हात कोपरापाशी मोडतो तो मोडतोच.

दुसऱ्याच्या कातडीत शिरून बघ हा सल्ला मुलीला देणारा माणूस युएलच्या कातडीत शिरला आणि तिथे त्याला आपल्यासारखाच कुणीतरी सापडला. हे भाबडेपण आहे आणि त्याची किंमत मुलांनी मोजली.

---

रेवती_म

चिकट्या, हजेरी मान्य, पण सज्जाचा प्रसंग पूर्ण सांगा ना. चिठ्ठी आल्यावर तो मुलांना घरी जेवायला पाठवतो आणि जेमने गळ घातल्यावर म्हणतो की एवढं ऐकलंच आहे तर परत येऊन निकालही ऐका. हा निष्काळजीपणा नाही, निर्णय आहे. साक्ष ऐकू दिली आणि निकाल लपवला, तर मुलं अर्ध्या गोष्टीवर आयुष्यभर विश्वास ठेवतील. जेमला तर खात्रीच होती की आपण जिंकलो. निकालानंतर तो ढसाढसा रडतो, आणि त्याने ते ऐकायला नको होतं असं म्हणणाऱ्या आत्याला अ‍ॅटिकस सांगतो की हे त्यांचंही गाव आहे, आपणच ते असं करून ठेवलंय, त्यांनी त्याच्याशी जुळवून घ्यायला शिकलं पाहिजे.

मला जास्त अवघड वाटतो तो मिसेस डुबोसचा भाग. पलीकडच्या घरातली आजारी म्हातारी येता-जाता मुलांच्या वडिलांबद्दल घाणेरडं बोलते. जेमचा संयम सुटतो, तो तिची कॅमेलियाची झाडं छाटून टाकतो. शिक्षा म्हणून महिनाभर रोज तिच्या घरी जाऊन तिला पुस्तक वाचून दाखवायचं, आणि महिना संपल्यावर वर आणखी एक आठवडा. ती मेल्यावर कळतं की ती मॉर्फिनच्या व्यसनातून मरण्याआधी सुटायला धडपडत होती आणि वाचन हा तिचं लक्ष दुसरीकडे वळवण्याचा मार्ग होता. अ‍ॅटिकस तिला आपण पाहिलेली सगळ्यात धैर्यवान व्यक्ती म्हणतो.

पहिल्यांदा वाचताना डोळ्यांत पाणी आलं होतं. आता वाचताना प्रश्न पडतो की त्याच खोलीत ती रोज टॉमसारख्या माणसांना जनावरांच्या पंक्तीला बसवत होती, त्याचं काय? शरीराच्या वेदनेशी लढणं हे धैर्य खरंच. पण तेरा वर्षांच्याही आतल्या मुलाला ‘हिच्यात काय बघ’ हे शिकवताना ‘हिच्यात काय नाही’ हे कुणी सांगितलं?

---

पानगळ

रेवती, मला वाटतं त्याला नेमकं तेच शिकवायचं होतं: जिचं सगळंच तुला चुकीचं वाटतं तिच्यातही तुझ्यात नसलेलं काहीतरी असू शकतं. आणि तो असंही म्हणतो की तू झाडं तोडली नसतीस तरी मी तुला तिच्याकडे वाचायला पाठवणारच होतो. म्हणजे शिक्षा हे निमित्त. धैर्य म्हणजे हातात बंदूक घेतलेला माणूस नव्हे, हे त्याला जेमला दाखवायचं होतं. त्याआधी पिसाळलेल्या कुत्र्याला एका गोळीत लोळवणारा बाप बघून जेम भारावून गेलेला असतो. मुलगा आपल्याला बंदुकीमुळे मोठा मानतोय हे ज्या बापाला खटकतं, असा बाप मी तरी दुसऱ्या कादंबरीत फारसा पाहिला नाही.

चिकट्या, भाबडेपणाचा मुद्दा सोडत नाही, त्यावर परत येते.

---

नंदूकाका

मी जुना वाचक. दोन गोष्टी टाकतो.

लेखिकेचे वडील अमासा कोलमन ली स्वतः वकील, वर्तमानपत्राचे संपादक आणि अलाबामाच्या विधिमंडळाचे सदस्य होते. १९१९मध्ये त्यांनी खुनाच्या आरोपावरून दोन कृष्णवर्णीय माणसांचा बचाव केला. दोघांनाही फाशी झाली. अ‍ॅटिकस उभा करताना लेखिकेसमोर जो माणूस होता तो हरलेला वकील होता, हे लक्षात घ्या.

दुसरं. काळाकोटांनी स्कॉट्सबरो काढलं म्हणून. त्याच प्रकरणाच्या फेरसुनावणीत न्यायाधीश जेम्स हॉर्टन यांनी १९३३मध्ये ज्युरीने दिलेला दोषी ठरवणारा निकाल स्वतः रद्द केला, कारण पुरावा त्यांना पटला नाही. पुढच्या वर्षी ते निवडणूक हरले. न्यायाधीश तिथे लोकांच्या मतावर निवडून यायचे. कादंबरीत अ‍ॅटिकस म्हणतो की बहुमताने चालत नाही अशी एकच गोष्ट आहे, माणसाचा सदसद्विवेक. पुस्तकात तो खटल्यानंतरही विधिमंडळावर पुन्हा निवडून येतो, विरोधी उमेदवारही उभा राहत नाही. प्रत्यक्षात हॉर्टनला घरी बसावं लागलं. कादंबरी इथे गावाला जरा उदारपणे गुण देते असं माझं मत.

---

ओवी

सगळे अ‍ॅटिकसच्या पालकत्वावर बोलताय. मुलं वाढवली कुणी?

स्काउटला अक्षरं गिरवायला लावली कॅलपर्नियाने. स्काउटच्या वर्गातला वॉल्टर कनिंगहॅम जेवायला आला आणि त्याने ताटभर पाक ओतून घेतला, त्यावर स्काउट बोलली, तेव्हा तिला स्वयंपाकघरात नेऊन खडसावलं कॅलपर्नियाने. पाठीत धपाटाही घातला. अ‍ॅटिकसने पोरांवर हात उगारला नाही याचं कौतुक ठीक, पण ज्या घरात दुसरं कुणीतरी धपाटे घालतंय तिथे बापाला संत राहणं सोपं असतं. मुलांना आपल्या चर्चमध्ये नेणारीही तीच. मुलं आयुष्यात प्रथम कृष्णवर्णीय वस्तीत शिरली ती बापाच्या शिकवणीने नाही, तिचा हात धरून.

आणि हे पगारी काम होतं. आत्या तिला काढून टाका म्हणते तेव्हा अ‍ॅटिकस ठाम नकार देतो, ती या घरची आहे म्हणतो. छान. पण टॉम मेल्याची बातमी आल्यावर त्याच्या बायकोला, हेलनला, ती सांगायला जाताना तो सोबत न्यायला कुणाला बोलावतो? तिलाच. दुपारच्या चहाला आलेल्या बायकांची सरबराई मध्येच सोडून ती निघते. तिला काय वाटलं हे स्काउटने लिहिलेलं नाही. लेखिकेनेही नाही.

---

काळाकोट

ओवी, +१. कादंबरी स्काउटच्या नजरेची आहे, आणि ती नजर स्वयंपाकघराच्या दारापर्यंतच पोचते.

---

दुपारझोप

मी अर्धीच वाचली आहे, शेवट फोडू नका असं म्हणायला आले होते, पण धागा बघता उशीर झालाय. असो. जॅककाकाचा भाग मला फार आवडला म्हणून लिहिते. आत्याच्या नातवाशी मारामारी केली म्हणून काका स्काउटला फटके देतो, तिची बाजू न ऐकता. नंतर ती त्याला सुनावते की तुला मुलांमधलं काही कळत नाही; जेम आणि मी भांडतो तेव्हा अ‍ॅटिकस दोघांचं ऐकून घेतो. काका वरमतो. आणि ती त्याला शपथ घालते की मारामारीचं खरं कारण, वडिलांना दिलेली शिवी, अ‍ॅटिकसला सांगायचं नाही. म्हणजे मूल बापाला वाचवतंय!

---

पानगळ

दुपारझोप, उरलेली अर्धी जरूर वाचा, फुटल्याने बिघडणारं हे पुस्तक नाही.

त्याच रात्रीचा पुढचा भाग माझ्या मुद्द्याला धरून आहे. अ‍ॅटिकस भावाशी बोलतोय, स्काउट चोरून ऐकतेय. तो म्हणतो, खटला हरणार हे ठरलेलंच आहे, पण मुलं यातून कडवट न होता बाहेर पडावीत आणि मेकॉमचा नेहमीचा रोग त्यांना लागू नये. प्रश्न पडले तर गावाकडे न जाता माझ्याकडे यावीत. मग हाक येते: जा, झोपायला जा. तिला पुढे कित्येक वर्षांनी उमगतं की तिने प्रत्येक शब्द ऐकावा अशीच त्याची इच्छा होती. भिंतीआडून ऐकू देणं ही त्याची शिकवण्याची पद्धत. उलट आत्याच्या आग्रहाने तो मुलांना घराण्याच्या प्रतिष्ठेवर व्याख्यान द्यायला बसतो तेव्हा पार फसतो, स्काउट रडायला लागते, आणि शेवटी सांगतो की हे सगळं विसरून जा.

---

चिकट्या

पानगळताई, शेवटाकडे या. खरी गंमत तिथे आहे.

युएल मुलांवर हल्ला करतो, बू रॅडली, वर्षानुवर्षं घरात बसून असलेला शेजारी, बाहेर पडून मुलांना वाचवतो, युएल सुरीने मरतो. अ‍ॅटिकसला वाटतं जेमने मारलं. तो शेरीफ हेक टेटला म्हणतो, काही झाकायचं नाही, सगळं कोर्टात येऊ दे. टेट म्हणतो, युएल आपल्याच सुरीवर पडला. मग उलगडतं की टेट जेमला नाही, बूला वाचवतोय. आणि अ‍ॅटिकस मान डोलावतो!

लेखक माल्कम ग्लॅडवेलने २००९मध्ये ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकात याच जागेवर बोट ठेवलं होतं. टॉमसाठी कायदा म्हणजे कायदा; हरला तरी अपील करू, धीर धर. आणि शेजारच्या गोऱ्या माणसासाठी शेरीफ आणि वकील ओसरीवर बसून पाच मिनिटांत कायदा घडी घालून ठेवतात. टॉम मात्र तुरुंगातून पळताना सतरा गोळ्या खाऊन मरतो. त्याच्यासाठी कुणी वाकडी वाट काढली नाही.

---

काळाकोट

ग्लॅडवेलच्या आधी १९९२मध्ये मनरो फ्रीडमन नावाच्या कायद्याच्या प्राध्यापकांनीही वकिलांच्या साप्ताहिकात जवळपास हाच तोफखाना उघडला होता. अ‍ॅटिकसने खटला स्वेच्छेने घेतला नाही, तो नेमला गेला. एरवी विधिमंडळात बसून त्याने वर्णभेदी व्यवस्थेला कधी हात लावला नाही, मग त्याला वकिलांचा आदर्श का म्हणायचं? अमेरिकेतले वकील इतके चिडले की उत्तरांचा पाऊस पडला. १९९७मध्ये अलाबामाच्या वकील संघटनेने लेखिकेच्या मनरोव्हिल गावात या काल्पनिक माणसाचं स्मारकच उभारलं.

टेटच्या प्रसंगाबद्दल मात्र मी बचावपक्षात. बूने दोन मुलांचा जीव वाचवताना मारलं. हा कुठल्याही कायद्यात बचावाचा हक्कच आहे, खटला चालला असता तरी सुटला असता. प्रश्न शिक्षेचा नव्हता. वर्षानुवर्षं घराबाहेर न पडलेल्या माणसाला गावाच्या कौतुकापुढे फरपटत आणायचं का, हा होता. टॉमसाठी टेटच्या हातात असं काही नव्हतंच. फिर्याद नोंदली गेली होती, फिर्यादी गोरी होती.

---

चिकट्या

फिर्यादी गोरी होती. वकीलसाहेब, माझा मुद्दा तुम्हीच मांडलात.

---

रेवती_म

बूच्या बापाचा विषय कुणी काढला नाही म्हणून मी काढते, कारण ‘कर्तव्य’ म्हणून पोराचं काय होऊ शकतं ते तिथे आहे.

पौगंडावस्थेतल्या बूने आणि त्याच्या टोळक्याने गावात धिंगाणा घातला. न्यायाधीशाने सगळ्यांना सरकारी औद्योगिक शाळेत पाठवायचं ठरवलं. म्हाताऱ्या रॅडलीला हे घराण्याला बट्टा वाटलं. मी याला सांभाळतो, पुन्हा त्रास होणार नाही, असा शब्द देऊन तो मुलाला घरी घेऊन गेला. त्यानंतर पंधरा वर्षं कुणाला बू दिसला नाही. आणि लेखिका जाता जाता लिहून जाते की बाकीची मुलं त्या शाळेत गेली, त्यांना त्या राज्यातलं सगळ्यात चांगलं माध्यमिक शिक्षण मिळालं आणि त्यांतला एक पुढे ऑबर्नला इंजिनिअर झाला.

शब्द पाळणारा, देवभीरू, कायद्याच्या बाहेर एक पाऊल न टाकणारा बाप. गावात त्याला कुणी वाईट म्हटलं नसतं. तिकडे युएल, दारूत भत्ता उडवणारा, ज्याच्या पोरांना उपाशी ठेवायला नको म्हणून गाव त्याला बंदीच्या दिवसांतही शिकार करू देतं. मेयेलाने फुटक्या डब्यांत लावलेले जिरॅनियम आठवतात ना? अ‍ॅटिकस तिच्याशी अदबीने बोलतो तर तिला वाटतं हा आपली थट्टा करतोय, इतकी तिला अदबीची सवय नाही. तीन घरं, तीन बाप. अ‍ॅटिकस थोर आहे की नाही ते बाजूला ठेवा, त्या गल्लीतल्या इतर बापांशेजारी त्याला उभा करून बघा.

---

पानगळ

रेवती, हे आधी सुचलं असतं तर धागाच यावर काढला असता.

चिकट्या, आता शेवटाबद्दल. अ‍ॅटिकस टेटला अडवतो तेव्हा त्याचं म्हणणं असं की हे दाबलं तर मी जेमला ज्या रीतीने वाढवलं तीच मी नाकारल्यासारखं होईल. गावात एक आणि घरात एक असं मला जगता येणार नाही. म्हणजे कधी नव्हे ते तो कायद्याच्या कर्तव्यामागे उभा राहू बघतोय. खटल्याच्या वेळी जी ढाल नाकारली तीच आता मुलासाठी उचलतोय, आणि ती मुलाच्याच अंगावर पडणार आहे. त्याला तिथून हलवतो तो टेट, शिक्षणाने आणि अधिकाराने त्याच्याहून साधा माणूस.

पण त्यानंतर तो काय करतो? वळून स्काउटला विचारतो: मिस्टर युएल आपल्या सुरीवर पडले, तुला हे समजेल का? आठ-नऊ वर्षांची मुलगी हो म्हणते आणि तसं न करणं म्हणजे मॉकिंगबर्ड मारण्यासारखं होईल असं उत्तर देते. गाणाऱ्या निरुपद्रवी पक्ष्याला मारणं पाप, ही त्याचीच शिकवण तिने परत केली. कायदा वाकवताना तो मुलीची संमती घेतो. ढोंग म्हणायचं तर म्हणा, पण ते मुलापासून लपवलेलं ढोंग नाही.

वर्णाचा मुद्दा मी खोडत नाही. तो तिथे आहेच, आणि अ‍ॅटिकसला तो दिसत नाही.

---

नंदूकाका

लेखिकेचं दुसरं पुस्तक, ‘गो सेट अ वॉचमन’, वाचलं का कुणी? जुलै २०१५मध्ये आलं, पण लिहिलेलं ‘मॉकिंगबर्ड’च्या आधीचं. त्यात स्काउट सव्वीस वर्षांची, न्यूयॉर्कहून घरी आलेली. बहात्तरीचा अ‍ॅटिकस वर्णभेद टिकवू पाहणाऱ्या गोऱ्या लोकांच्या सभेत बसलेला तिला दिसतो, त्याच कोर्टात, त्याच सज्जातून. ती उन्मळून पडते. आणि जॅककाका तिला जे सांगतो त्याचा मथितार्थ असा की तुझा सदसद्विवेक तू लहानपणापासून वडिलांच्या सदसद्विवेकाला चिकटवून ठेवला होतास, आज तो सुटा झाला.

गंमत म्हणजे त्या पुस्तकात टॉमसारख्या आरोपीचा खटला अ‍ॅटिकस जिंकलेला आहे.

---

ओवी

वाचलंय. कॅलपर्नियाला भेटायला जीन लुईस, म्हणजे मोठी झालेली स्काउट, जाते तो प्रसंग मला पूर्ण ‘मॉकिंगबर्ड’पेक्षा जास्त खरा वाटला. म्हातारी तिच्याकडे परक्यासारखी बघते. तू आमचा तिरस्कार करत होतीस का, असं विचारावं लागतं पोरीला.

जॅककाकाच्या त्या वाक्यामुळे पानगळच्या मूळ प्रश्नाला मात्र उलटं उत्तर मिळतं. बापाने मुलांना नेमणुकीची ढाल दिली नाही, आपला सदसद्विवेक दिला. मग पोरीने तोच आयुष्यभर वापरला, स्वतःचा घडवायची गरजच पडली नाही. दिलेला सदसद्विवेक हीसुद्धा एक ढालच की.

---

पानगळ

ओवी, यावर माझ्याकडे तयार उत्तर नाही. एवढंच म्हणेन की तुरुंगाच्या दारातल्या रात्री जेम वडिलांची आज्ञा मोडून तिथेच उभा राहतो. मला तो प्रसंग यासाठीच महत्त्वाचा वाटतो. जमावाला पांगवते स्काउट, वॉल्टरच्या बापाला ओळखून त्याच्या पोराची चौकशी करत. पण त्याआधी बापाला ‘नाही’ म्हणणारा जेम आहे. निदान एका मुलाचा तरी सदसद्विवेक सुटा झाला होता.

---

चिकट्या

आणि ‘वॉचमन’मध्ये नेमका तोच मुलगा मेलेला आहे. लेखिका क्रूर आहे राव.

---

काळाकोट

एक गोष्ट इतक्या चर्चेत राहिली, टॉम. तोही तीन मुलांचा बाप आहे. उलटतपासणीत सरकारी वकील विचारतो, तिची कामं फुकट का करायचास? तो सांगतो, मला तिची कीव यायची. बारा गोऱ्या पुरुषांची ज्युरी समोर. (पुरुषच, अलाबामात बायकांना ज्युरीत बसायला १९६६ उजाडलं.) कृष्णवर्णीय माणसाने गोऱ्या बाईची कीव करायची, त्या क्षणी तो खटला संपला. ‘पाच-दहा सेंट मिळायचे’ असं खोटं बोलला असता तर कदाचित एखाद-दोन पंच हलले असते. तसाही कनिंगहॅमांच्या नात्यातला एक जण सुरुवातीला निर्दोष म्हणत होताच. टॉमने शपथेवर खरं सांगितलं.

वकील म्हणून मला छळणारा प्रश्न हा की अशिलाला साक्षीसाठी तयार करताना हा प्रश्न येणार हे अ‍ॅटिकसला कळलं नसेल? कळलं असेल तर त्याने टॉमला काय सांगितलं असेल? कादंबरीत वकील आणि अशील दोघेच बोलताहेत असा एकही प्रसंग नाही.

---

ओवी

कारण तिथे स्काउट नव्हती. पण तुम्ही वकील आहात, तुम्ही काय सांगितलं असतंत?

---

काळाकोट

‘विचारलं तर शेजारधर्म म्हण, कीव म्हणू नकोस.’ आणि तो तरीही कीवच म्हणाला असता, असं वाटतं.